सड्यावर काळ्या आणि केशरी फुलपाखराची जोडी बसलेली पाहिली, हे कसं काय?

सड्यावरची (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. घर आमचं सड्याच्या उतारावर. मागे परडं, परड्याच्या वर हापूसची कलमं, कलमांच्या वर जांभ्या चिऱ्यांचा गडगा आणि गडगा ओलांडला की उघडा कातळ, तोच सडा, पार समुद्र दिसेपर्यंत. चार वर्षं झाली, या सड्यावर दिसणाऱ्या फुलपाखरांची मी वही ठेवते. तारीख, वेळ, ऊन होतं की मळभ, कशावर बसलं होतं, एवढंच लिहिते. भाचीने तिचा जुना फोन दिल्यापासून फोटोही काढते, पण वही सोडलेली नाही. आजवर ४१ जाती झाल्या. सहा नावांपुढे प्रश्नचिन्ह आहे, बाकीच्यांची मला खात्री होती. होती असंच म्हणते आता.

परवा मंगळवारी सकाळी साडेनऊला आम्ही गवत काढायला वर गेलो. सासूबाई, मी आणि वाडीतल्या दोघी. पाऊस जाऊन आठवडा झालाय. गवताला तुरे आलेत, बुंध्याशी मात्र अजून ओल आहे. कातळातल्या खळग्यांतलं पाणी आटलंय आणि काठाने गेंदाची पांढरी बोंडं तेवढी उभी आहेत. अशाच एका खळग्याच्या कडेला, वीतभर गवतावर मला प्लेन टायगर बसलेलं दिसलं. हे फुलपाखरू माझ्या रोजच्या ओळखीचं. केशरी पंख, पुढच्या पंखाचं टोक काळं, त्या काळ्यात पांढरा पट्टा. गडग्यालगत रुईची सात-आठ झाडं आहेत आणि पावसाळाभर त्यांच्यावर याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या असतात. एरवी मी त्याच्याकडे वळून पाहिलं नसतं. पण त्याच्या शेपटाला शेपूट लावून दुसरं एक फुलपाखरू बसलं होतं आणि ते काळं कुळकुळीत होतं.

मी विळा खाली ठेवला आणि उकिडवी बसले. मध्ये हातभर अंतर असेल. वारा आला की दोघं एकदमच डुलत होती. काळ्याने एकदा पंख उघडले तेव्हा दिसलं: पुढच्या प्रत्येक पंखावर एक मोठा लांबट पांढरा डाग आणि टोकाकडे एक लहान, मागच्या पंखावर एक गोल मोठा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा. पंख जरा कलले की त्या पांढऱ्याच्या कडेने जांभळी-निळी झाक उठायची, पारव्याच्या मानेवर उठते तशी. आणि लगेच विझायची. फोटोत ती आलीच नाही.

सासूबाईंनी हाक मारली, "अगो बाय, पाखरां खंय पळान जातत काय? गवात आधी काप, ऊन माथ्यार इला." मी उठले तशी ती दोघंही उठली. एकाने दुसऱ्याला उचललं आणि ती तशीच जोडीने गवतावरून पुढे जाऊन परत बसली.

तीन फोटो लावलेत. वाऱ्यामुळे हललेत, दुसरा त्यातल्या त्यात बरा आहे. माझे प्रश्न असे. दोन वेगळ्या जातींची फुलपाखरं अशी जुळतात का? की मी प्लेन टायगर म्हणत होते ते प्लेन टायगर नाहीच? तसं असेल तर माझ्या वहीत चार वर्षांत हे नाव शंभरावर वेळा आलंय, त्यातलं खरं किती? हे मला जास्त लागलंय.

आणि एक. तो तुकडा पुढच्या आठवड्यात कापायचा आहे. तिथे अंडी घातली असतील तर विळा लावू की नको?


हापूसवाला (विजयदुर्ग)

ताई, काळं ते कॉमन क्रो असेल असं वाटतं. पाऊस संपता संपता आमच्याकडे खुळखुळ्याच्या झाडांवर क्रो आणि टायगर एकाच फांदीला लटकलेले असतात, अगदी अंगाला अंग लावून. ते बहुतेक सगळे नर असतात. त्या झाडातला रस त्यांना मादीला भुलवायचा वास तयार करायला लागतो, म्हणून सुकलेल्या फांद्यांवरही गर्दी करतात. तुम्ही पाहिलीत ती जोडी नसून अशी गर्दी असेल. माझ्या फोनवर फोटो नीट उघडत नाहीयेत, उघडले की पुन्हा बघतो.


सड्यावरची

दादा, क्रो मला माहीत आहे. आमच्या कण्हेरीवर त्याचे चांदीसारखे चकचकीत कोष लागतात. त्याचा रंग काळपट तपकिरी, ठिपके कडेने बारीक बारीक. याचे डाग मोजून तीन, आणि मोठे. शिवाय ही दोघं उडतानाही सुटली नाहीत. जोडीच होती, यात मला शंका नाही.


कातळफूल (रत्नागिरी)

ताई, दुसरा फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच लिहायला बसलो. तुम्ही पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. ती जोडीच आहे आणि एकाच जातीची आहे. काळा तो नर, केशरी ती मादी. जात डॅनाइड एगफ्लाय.

या मादीने प्लेन टायगरचं रूप घेतलंय. प्लेन टायगरची अळी रुईच्या चिकावर वाढते. त्यातलं विष तिच्या अंगात साठतं, कोषात टिकतं आणि पुढे फुलपाखरातही उतरतं. एखाद्या कोवळ्या पक्ष्याने एकदा चोच मारली की तो थुंकून टाकतो आणि त्या रंगाच्या वाटेला पुन्हा सहसा जात नाही. एगफ्लायच्या मादीच्या अंगात असं काही नाही. ती फक्त त्याच रंगाचं लुगडं नेसून हिंडते. नुसता रंगच नव्हे, चालही तीच: प्लेन टायगरसारखी संथ, जमिनीलगत, काही घाई नसल्यासारखी. पण तिला दचकवलंत तर सोंग सुटतं आणि ती सरळ रेषेत झपकन निघून जाते. प्लेन टायगर दचकला तरी फारसा वेग वाढवत नाही. हा फरक एकदा डोळ्यात बसला की लांबूनही कळतं.

हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने अमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून, तिथल्या फुलपाखरांवरून हे नकलेचं कोडं १८६२ मध्ये मांडलं. आपल्या सड्यावर ते रोज सकाळी घडतंय आणि हातभर अंतरावरून बघायला मिळतंय, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

नर मग काळाच का राहिला? मादी अंड्यांनी जड असते. अंडी घालायचं झाड हुडकत ती जमिनीलगत हळूहळू फिरते, तेव्हा पक्ष्याच्या चोचीत सापडायची भीती तिला जास्त. नराला आपला रंग सोडून चालत नाही. मादीने त्याला ओळखायला हवं, आणि ही जागा धरलेली आहे हे दुसऱ्या नराला दुरून कळायला हवं. शिवाय नकली फार वाढले तर पक्ष्यांना केशरी खाऊन बघायची चटक लागेल. निम्मेच सोंगात आहेत म्हणून सोंगाची किंमत टिकते.

आता तुमच्या वहीचं. मागच्या पंखावर नजर ठेवायची, पंख उघडे असोत की मिटलेले. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, मादीला ३ आणि नराला ४. नराचा चौथा जाडसर असतो. एगफ्लायच्या मादीला मध्यभागी काही नाही. तिचा एकच काळा ठिपका, आणि तो पंखाच्या वरच्या कडेला चिकटून. मग पंखाची कड पाहा. टायगरची गुळगुळीत, काळ्या पट्टीत पांढरे ठिपके टाचलेली. एगफ्लायची थोडी नागमोडी, बारीक पांढऱ्या कोरींची. तिसरी खूण छातीची: टायगरची छाती काळी आणि तिच्यावर तीळ शिंपडावेत तसे पांढरे ठिपके, एगफ्लायला ते तसे नसतात.

जुन्या नोंदी खोडू नका. रुईवर अंडी घालताना पाहिलेली आणि रुईवरच्या अळीपासून निघालेली सगळी प्लेन टायगर, त्यात वाद नाही. जिथे मागचा पंख दिसणारा फोटो आहे तिथे ठिपके मोजा. उरलेल्या नोंदींपुढे प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्ह असलेली वही मी जास्त विश्वासाने वाचतो.

अंड्यांबद्दल सांगायचं तर ही मादी गवतावर वाढत नाही, तिच्या अळीला घोळ लागते. आपण भाजी करतो तीच. तेव्हा त्या तुकड्यात घोळ आहे का ते पाहा. माझा अंदाज असा की ती सड्यावर कमी आणि तुमच्या परड्यात जास्त असेल.

आणि सर्वांसाठी एक सांगणं: डॅनाइड एगफ्लाय हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेल्या फुलपाखरांपैकी आहे. बघा, फोटो काढा, पण पकडून डबीत भरू नका.


हापूसवाला (विजयदुर्ग)

फोटो उघडले. माझं चुकलं, ताई. पण मग मी ज्याला क्रो म्हणतो त्यातही असा कोणी सोंगाडी असेल का?


कातळफूल (रत्नागिरी)

आहे. याच एगफ्लायचा मोठा भाऊ ग्रेट एगफ्लाय, त्याची मादी क्रोची नक्कल करते. त्याचा नरही काळा आणि पांढऱ्या डागांचाच, पण आकाराने मोठा आणि निळी झाक जास्त. तुमचं लक्ष क्रोकडे गेलं ते उगाच नाही. आणि परड्यात कढीपत्ता असेल तर कॉमन मॉरमॉनही नीट बघा. त्याच्या माद्यांची तीन रूपं. एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमझन रोझसारखं. ती दोन्ही रोझ म्हणजेही फुलपाखरंच, सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि तीही विषारी.


पडवीतून (वेंगुर्ला)

मी इथे नेहमी वाचते, लिहिते पहिल्यांदाच. घोळीचं वाचलं आणि चरकले. गेल्या श्रावणात भाजीला घोळ खुडताना मला तिच्यात काळ्या अळ्या दिसल्या. अंगभर फांद्या फुटलेले काटे, डोक्यावर दोन लांब शिंगं. घुले समजून मी चिमट्याने धरून चुलीत टाकले. सात-आठ असतील. त्या याच होत्या का? अंगाला लागल्या तर खाज सुटते का?


कातळफूल (रत्नागिरी)

काकी, वर्णनावरून त्याच असाव्यात. डोक्यावरची दोन शिंगं ही पक्की खूण. त्या काट्यांत विष नसतं, खाज येत नाही. खाज आणणारे घुले असतात ते बहुतेक पतंगांचे, त्यांच्या अंगावर केसांचे झुबके असतात. पुढच्या वेळी घोळीचा शेंडा खुडा आणि अळी असलेली फांदी तेवढी सोडा. घोळ जमिनीला धरून पुन्हा फुटतेच.


सड्यावरची

कातळफूल दादा, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

काल सकाळी पावणेनऊ ते अकरा सड्यावर होते. केशरी फुलपाखरू दिसलं की थांबायचं, बसू द्यायचं आणि मागचा पंख मोजायचा असं ठरवून गेले. नऊ दिसली. सातांना मधले ठिपके होते. दोघींना नव्हते. एकच ठिपका, वरच्या कडेला. पहिली पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. चार वर्षं मी तिच्या शेजारून गवताचे भारे घेऊन गेले असेन.

दचकवूनही पाहिलं. मुद्दाम नाही, पाय घसरला. टायगर दोन हात पुढे जाऊन रुईवर बसला. ती मात्र अशी गेली की मान वळेपर्यंत गडग्यापलीकडे.

काळा नर त्याच खळग्याजवळ आहे. एक उंचवटा आहे चिऱ्याचा, त्याच्यावर पंख पसरून बसतो. काहीही उडत आलं की अंगावर धावून जातो आणि फिरून त्याच चिऱ्यावर येतो. मी बसले होते तेवढ्यात त्याने दोन ब्लू पॅन्सी, एक चतुर आणि एकदा वेडा राघू सुद्धा हाकलायला घेतला. वेडा राघू म्हणजे फुलपाखरं खाणारा पक्षी! माझाच जीव वर-खाली झाला. मग तो परत आला आणि चिऱ्यावर बसला.

रात्री फोनमधले फोटो काढून बसले. प्लेन टायगर म्हणून ठेवलेले ३४. मागचा पंख नीट दिसतो असे १९. त्यातले तीन फोटो एगफ्लायचे निघाले. सगळ्यांत जुना दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधला, गोठ्यामागचा. त्यावर मी लिहिलंय, "प्लेन टायगर, मादी, घोळीवर बसलेली." घोळीवर! हे माझ्याच हाताने लिहिलंय. तेव्हा मनात आलं नाही की रुई सोडून ही इथे काय करतेय.

आज सकाळी उठल्या उठल्या गोठ्यामागे गेले. न्हाणीचं पाणी जिथे जिरतं तिथे घोळ पसरलीय, अळूच्या कडेने. पहिल्यांदा काहीच दिसेना. पानं खाल्लेली होती, काही देठं नुसती लाल उरलेली. मग एक देठ उचलला तेव्हा खाली मातीला लागून ती दिसली. बोटाच्या दोन पेरांएवढी, काळी, काटेरी, तपकिरी-लालसर डोकं आणि त्यावर दोन शिंगं. माझी सावली पडली तशी तिने डोकं आत ओढलं. तिच्यापासून वीतभरावर दुसरी. सध्या दोनच सापडल्यात.

घोळ तिकडे सापडली, म्हणजे सड्यावरचा तो तुकडा मी आता निर्धास्त कापू शकते का?


कातळफूल (रत्नागिरी)

वेडा राघू आणि चिऱ्यावरचा नर, हे तुम्ही वहीत लिहिलं असेलच. नसेल तर आत्ता लिहा, वेळेसकट.

कापण्याविषयी मोकळेपणाने सांगतो. एगफ्लायपुरतं बघाल तर कापायला हरकत नाही. पण त्याच गवताच्या पात्यांवर इव्हनिंग ब्राउन, बुशब्राउन आणि कितीतरी बारक्या स्किपरच्या अळ्या वाढतात. त्यांचा रंग गवताचाच, त्यामुळे भाऱ्यात बांधून गेल्या तरी कळत नाहीत. गोठ्याला गवत लागतं हे मला ठाऊक आहे, आमचीही दोन गुरं आहेत. आम्ही इतकंच करतो: एका दिवशी सगळं कापत नाही, आणि गडग्याच्या कडेने व खळग्यांभोवती दोन-तीन हातांची पट्टी उभी ठेवतो. ती सुकली की शेवटी, मार्गशीर्षात काढतो. तोवर अळ्या कोषातून निघून गेलेल्या असतात.

खरा घात वणव्याने होतो. उरलंसुरलं जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं असं आमच्याकडेही म्हणतात. कोष, अंडी, पानासारखी होऊन दडलेली फुलपाखरं, सगळं एका दुपारी जातं. उन्हाळ्यातली पिकॉक पॅन्सी पाहिलीय ना? पावसाळ्यात तिच्या पंखाच्या खालच्या बाजूला डोळे असतात. कोरडे दिवस आले की त्याच जातीचं फुलपाखरू खालून सुक्या पानासारखं निघतं, पंखाचं टोक काढलेलं, मध्ये शिरेसारखी रेघ. ते सुक्या गवतात बसलं की दिसत नाही. माणसाला नाही आणि आग लावणाऱ्यालाही नाही. आमच्या शेजारचा सडा तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पेटला. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो आणि जे पाहिलं ते लिहवत नाही.


हापूसवाला (विजयदुर्ग)

कापण्याचं निघालंच आहे तर आमच्या बागेतलं सांगतो. कलमांवर बांडगूळ चढतं. फांदीचा रस शोषतं, फांदी सुकते, म्हणून दर पावसाळ्यानंतर आम्ही ते उतरवतो. ठेवून परवडतच नाही. मागच्या वर्षी उतरवलेल्या बांडगुळाचा ढीग बांधावर पडला होता आणि त्यावर पिवळट अळ्यांचा घोळका, सगळ्या एका ओळीत तोंडं करून. फोटो काढून इथेच विचारलं होतं, कोणीतरी सांगितलं की हळदीकुंकवाच्या आहेत. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि लाल रंग असलेलं ते फुलपाखरू, ज्याला कॉमन जेझबेल म्हणतात. त्यांना दुसरं काही चालत नाही, बांडगूळच लागतं.

मला तो ढीग बघून वाईट वाटलं. तेव्हापासून बांधावरच्या जुन्या रायवळ आंब्यावरचं बांडगूळ आम्ही हात न लावता ठेवतो. त्याला आंबे तसेही वरच्या शेंड्याला येतात. अळ्यांची ती डहाळी मी बांबूला बांधून वर त्या बांडगुळात टेकवून दिली होती. या दिवाळीच्या आधी रायवळाभोवती हळदीकुंकू मोजली, एका वेळी ११.

कलमाच्या पानावर तर बॅरनची अळी असते आणि वर्षानुवर्षं फवारणी करूनही मला ती माहीत नव्हती. हिरवी, दोन्ही बाजूंनी पिसं पसरल्यासारखी, पानाच्या मधल्या शिरेवर अशी पालथी पडते की तिच्या पाठीवरची रेघ आणि पानाची शीर एकच दिसते. काजूच्या पानावरही असते. मे महिन्यात पिकून पडलेल्या आंब्यावर, फणसाच्या चारखंडावर येऊन बसतं ते तपकिरी फुलपाखरू तिचंच.


कातळफूल (रत्नागिरी)

दादा, ती बांबूची गोष्ट वाचून बरं वाटलं.

सड्यावरची ताई, ही जोडी आणि अळ्या 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया'वर टाका. कृष्णमेघ कुंटे यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं ते संकेतस्थळ आहे, प्रत्येक जातीच्या अळीपासून फुलपाखरापर्यंतचे फोटो तिथे जमतात आणि जाणकार तपासून घेतात. आणि पुढच्या सप्टेंबरात वही घेऊन तयार राहा. २०२० पासून देशभर तो महिना फुलपाखरांच्या मोजणीचा म्हणून पाळतात. उघड्या कातळावरची रोजची नोंद फार थोडे जण ठेवतात, तुमच्याकडे ती चार वर्षांची आहे.


सड्यावरची

आज अठरा दिवसांनी लिहितेय. भात कापणीत वेळच मिळाला नाही.

दोन अळ्यांपैकी एक पाचव्या दिवशी दिसेनाशी झाली. कोंबड्या तिकडे फिरत होत्या, त्यांनी टिपली असेल. मी दुसरीवर मोडकी फुलाची परडी पालथी घातली आणि वर दगड ठेवला. ती दिवसभर देठाखाली पडून असायची. चिमणीच्या उजेडात, म्हणजे फोनच्या, रात्री पाहिलं तर खात असायची. आठव्या दिवशी परडीत नाही! सगळं उचलून पाहिलं. शेवटी न्हाणीच्या चिऱ्याच्या खालच्या अंगाला सापडली. पाय वर रोवून, डोकं खाली करून, आकड्यासारखी वळून लटकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मातकट तपकिरी कोष होता, सुकल्या पानाच्या गुंडाळीसारखा. बोट लावलं तर हिसका द्यायचा, म्हणून पुन्हा लावलं नाही. न्हाणीत गरम पाणी ओतताना घरातल्या सगळ्यांना तेवढी बाजू सोडायला सांगितली. धाकट्याने तिथे खडूने गोल काढून ठेवला.

काल संध्याकाळी कोष काळपट झाला. पातळ सालीतून पांढरे ठिपके दिसायला लागले. मी सासूबाईंना म्हटलं, केशरी दिसत नाही, काळाच आहे.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी साल फाटली. आधी पाय निघाले, मग मिशा, मग सगळं अंग ओलं आणि चुरगळलेलं. पंख म्हणजे भिजलेल्या चिंधीचे दोन तुकडे. तो रिकाम्या कोषाला धरून लटकला आणि पंख आपोआप खाली उतरत गेले, घड्या निघत निघत, दहा-बारा मिनिटांत पूर्ण. चिऱ्यावर लाल पाण्याचा थेंब पडला, मला क्षणभर रक्तच वाटलं. सासूबाई शेजारी पाटावर बसून होत्या. त्यांनी या सगळ्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं, आज चुलीवरचं उतरवून आल्या. पंख उघडले, ते तीन पांढरे डाग दिसले तेव्हा म्हणाल्या, "आवस केशरी नि झील काळो?"

नऊच्या पुढे ऊन न्हाणीवर आलं. तो चिऱ्यावरून चालत वर आला, उन्हात पंख पसरून बसला. या वेळी जांभळी झाक मी अगदी जवळून पाहिली. ती डागाच्या आत नसते, डागाच्या काठाने असते, आणि तुम्ही मान हलवलीत तर ती जागा बदलते. फोटोत अजूनही आली नाही. मग एकदम उडाला, कलमांवरून, गडग्यावरून, वर.

मागोमाग मीही सड्यावर गेले. खळग्याभोवतीची पट्टी यंदा आम्ही उभी ठेवलीय, गवत पिवळं पडलंय. म्हातारा नर अजून त्याच्या चिऱ्यावर आहे का ते बघायचं होतं. चिरा रिकामा नव्हता. ब्लू पॅन्सी बसला होता, निळे पंख पूर्ण पसरून, आणि माझी सावली पडली तरी हलला नाही.